जिंजीचा वेढा

आमच्या घरात तीन कात्र्या आहेत. एक स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्या कापायची. दुसरी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली. तिने कोणी कागद कापला तर प्रकरण वकिलापर्यंत जाऊ शकतं. तिसरी आईची, झाडं छाटायची, स्प्रिंगवाली. यांपैकी एकही कात्री आपल्या जागी असल्याचं कोणी पाहिलेलं नाही. दुधाची कात्री खडूंच्या डब्यात निघते, शिवणाची कढीपत्त्याच्या कुंडीत, आणि छाटणीची कुठे आहे ते फक्त धाकट्याला ठाऊक असतं. तो चार वर्षांचा आहे. सांगायचं एक बिस्कीट घेतो, आणि बिस्कीट संपल्यावर आठवत नाही म्हणतो.

लहान मुलांच्या घरात कुठलीच वस्तू ती ज्यासाठी आणली त्यासाठी राहत नाही. ती कच्चा माल असते. थोरली आठ वर्षांची. तिच्या हाताला कला आहे असं शाळेत एकदा बाई म्हणाल्या आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक खोक्याकडे ती कसायाच्या नजरेने बघते. नव्या मिक्सरचं खोकं तिने मिक्सर आत असतानाच मागून ठेवलं होतं. चमकी नावाची जी एक वस्तू स्टेशनरीच्या दुकानात पुडीत मिळते, ती तर एकदा घरात आली की पुढच्या पिढीकडे वारसाहक्काने जाते. गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाची चमकी परवा माझ्या आमटीत होती. ऑफिसात साहेबांसमोर मी गंभीर चेहऱ्याने आकडे सांगत होतो आणि साहेब माझ्या डाव्या भुवईकडे बघत होते, तेव्हाही तीच होती.

त्यात शाळेचा 'टाकाऊतून टिकाऊ' हा उपक्रम. पालकांच्या गटावर रात्री पावणेदहाला निरोप येतो: उद्या आइस्क्रीमच्या तीस काड्या आणि पुठ्ठ्याच्या तीन नळ्या. आता पुण्यात पावणेदहाला काय उघडं असतं? पण एक दुकानदार अर्धं शटर खाली ओढून याच गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असतो. त्याच्याकडे पन्नास कोऱ्या काड्यांचं पाकीट मिळतं. त्या काड्यांनी आयुष्यात आइस्क्रीम पाहिलेलं नसतं. पुठ्ठ्याच्या नळ्यांसाठी बायकोने त्या रात्री फॉईलचे तीन नवे कोरे रोल उलगडून घड्या घालून ठेवले. त्या घड्या अजून संपलेल्या नाहीत. आमच्याकडे पोळीच काय, सोललेलं केळंसुद्धा फॉईलमध्ये बांधून डब्यात जातं.

या सगळ्यात एकच गोष्ट मुलांच्या हाताबाहेर राहिली होती. आईची माती.

तळमजल्यावरचं घर घेतलं तेव्हा बिल्डरने मागची दहा बाय बारा फुटांची पट्टी 'खासगी उद्यान' म्हणून दाखवली होती. तिथे फुटक्या फरशा होत्या आणि घाणेरीचं एक निर्ढावलेलं झुडूप. आई राहायला आली, तिने पदर खोचला आणि पट्टी ताब्यात घेतली. झाडं काय, कोणीही लावतं, असं तिचं म्हणणं. माती करावी लागते. भाजीची देठं, केळ्याच्या साली, चहाचा चोथा, सोसायटीच्या आवारातली झाडून काढलेली पानं, अधूनमधून आंबट ताक, असं सगळं भोकं पाडलेल्या दोन ड्रमांत जातं. उन्हाळ्यात भरलेला ड्रम दसऱ्याच्या सुमाराला उघडतो. मग आई जुनी पिठाची चाळण घेऊन बसते आणि काळीभोर, हलकी, हातात घेतली तर बोटांतून सुटणारी माती चाळते. ही माती ती कोणाला देत नाही. शेजारच्या काकूंनी तुळशीसाठी ओंजळभर मागितली, तेव्हा ती आधी तुळस बघायला गेली.

आता या व्यवस्थेत एक दोष आहे, तो पंचांगाचा. माती तयार होते दसऱ्याला, आणि मुलांना किल्ला करायचा असतो दिवाळीला.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की दिवाळीतला मातीचा किल्ला हे आमच्याकडे फराळाइतकंच गंभीर प्रकरण आहे. दगडविटांचा ढीग रचायचा, चिखलात बुडवलेली पोती त्यावर अंथरायची, वरून मातीचा थर, मग तट, बुरूज, पायऱ्या, शेवटी मावळे. सोसायटीत चार किल्ले होतात आणि चौघांचे पालक सहज फिरायला निघाल्यासारखे एकमेकांचे बुरूज मोजून येतात. पूर्वी निवड सोपी होती. कोणी रायगड, कोणी प्रतापगड, आणि ज्यांच्याकडे जागा कमी त्यांचा 'काल्पनिक'. पण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि शाळेने ती यादी पाठ करून घेतली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही अकरा महाराष्ट्रातली; बारावं जिंजी, तमिळनाडूतलं.

"आपण जिंजी करायचा," थोरली म्हणाली. "जिंजी कोणीच करणार नाही."

मी सिंधुदुर्ग सुचवला. सिंधुदुर्गाला माती कमी लागते. भोवती समुद्र असतो, म्हणजे एक परात पाणी ठेवलं की अर्धं काम झालं. थोरलीने मान हलवली. साचलेल्या पाण्यात डास होतात, डासांनी डेंग्यू होतो, हेही शाळेत सांगितलेलं होतं. आमच्या लहानपणी शाळेत इतकं काही सांगत नसत.

जिंजीची अडचण अशी, की तो एक किल्ला नाही, तीन टेकड्या आहेत. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी. तिन्हींना जोडणारा लांबलचक तट आहे. शिवाय आत कल्याण महाल नावाची मजल्यावर मजले चढवलेली इमारत. म्हणजे तिप्पट माती.

शिष्टमंडळ आजीकडे गेलं. आजी चाळत होती.

"किती हवी?"

"तीन डोंगरांची," थोरली म्हणाली.

"एक घमेलं मिळेल. तेही दिवाळीनंतर परत. चाळून."

पुढचे काही दिवस वाटाघाटींत गेले. आईचं म्हणणं, शेवंतीला कळ्या आल्या आहेत, तिला आत्ताच मातीची भर हवी. थोरलीचं म्हणणं, शेवंती युनेस्कोच्या यादीत नाही. शेवटी असं ठरलं की पोटात काहीही भरा, आजीची माती फक्त वरच्या थराला. त्यामुळे राजगिरीच्या पोटात फुटक्या फरशा गेल्या, कृष्णगिरीच्या पोटात उपड्या कुंड्या, आणि चंद्रगिरी पाहून मला समाधान वाटत होतं तोपर्यंत बायकोने न्हाणीघरातली बादली कुठे आहे असं विचारलं.

कामाची वाटणी मी नीट करून दिली होती. थोरलीकडे तट आणि कल्याण महाल. शाळेच्या उरलेल्या वीस काड्या अखेर सत्कारणी लागल्या. माझ्याकडे देखरेख. बायको म्हणाली, "मी यात नाही हं, मला चकल्या आहेत." रात्री अकराला पाणी प्यायला उठलो तर ती मागच्या अंगणात मोबाइलचा दिवा दातात धरून टूथब्रशने तटावर गेरूच्या रेघा ओढत होती. एकेक दगड वेगळा दिसला पाहिजे, म्हणाली.

धाकट्याचा प्रश्न राहिला. त्याला किल्ला बांधण्यात रस नव्हता, पाडण्यात होता. त्याच्याकडे एक पिवळा जेसीबी आहे आणि तीन डायनासोर. थोरलीने इतिहासातून त्याची सोय काढली. जिंजीला औरंगजेबाच्या सरदाराने, झुल्फिकारखानाने, १६९० मध्ये वेढा घातला आणि किल्ला त्याच्या हाती पडायला १६९८ उजाडलं. "तू झुल्फिकारखान," तिने सांगितलं. "तू फक्त बाहेर बसायचं. आठ वर्षं." धाकट्याने बोटं मोजली आणि हे वय त्याला ताईएवढं वाटल्यामुळे तो खूश झाला. वेढा दुसऱ्याच सकाळी सुरू झाला. आईच्या शेवंतीच्या सगळ्या कळ्या त्याने तोफगोळे म्हणून आणून ठेवल्या होत्या.

आई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा घरात चहाला साखर कमी पडते.

मावळे आणायला आम्ही कसब्यात कुंभारवाड्यात गेलो. तिथे महाराज आहेत, मावळे आहेत, तोफा, वाघ, गवळणी, दळण दळणारी बाई, सगळं आहे. थोरलीने विचारलं, "राजाराम महाराज आहेत का?" वेढा पडला तेव्हा जिंजीत राजाराम महाराज होते आणि किल्ला पडायच्या आधी ते निसटले, त्यांच्यासाठी तिने पाइपच्या तुकड्याची चोरवाटसुद्धा करून ठेवली होती. दुकानदाराने सिंहासनावरचे शिवाजी महाराज पुढे केले. "हेच न्या ताई. हे सगळ्या किल्ल्यांना चालतात." आता शिवाजी महाराजांनी जिंजी घेतला तो १६७७ मध्ये, तेव्हा झुल्फिकारखान कुठला? परतीच्या वाटेवर रिक्षात थोरली गप्प होती. घरी येऊन तिने पुठ्ठ्याची पाटी लिहिली: 'सकाळी सन १६७७. संध्याकाळी सन १६९८. कृपया वेळ पाहून यावे.'

डोंगर हिरवे करायचं खातं शेवटी आईनेच घेतलं, कारण आम्ही मोहरी पेरली होती आणि मोहरी उतारावरून गडगडत पायथ्याशी गोळा झाली होती. "अळीव आणा," ती म्हणाली. "भिजला की बुळबुळीत होतो. चिकटून बसतो आणि दोन-तीन दिवसांत उगवतो. वसुबारसेच्या आधी चार दिवस लावला की पुरे."

मी वाण्याकडे गेलो आणि पाव किलो अळीव मागितला. वाण्याचा चेहरा उजळला. अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात, हे मला ठाऊक होतं. पण वाण्याकडे उभं असताना आठवत नव्हतं.

"वा, वा! मुलगा की मुलगी?"

"किल्ला," मी म्हणालो.

त्याने सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं आणि डिंकही घेऊन जा म्हणाला. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी खारका घेऊन आल्या. त्यांना बायकोने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी तेव्हा कृष्णगिरीच्या मागे होतो. खारका मात्र त्यांनी परत नेल्या.

अळीव भिजवल्यावर त्याचा जो लगदा होतो तो हाताने उतारावर सारवायचा असतो. हे काम धाकट्याला इतकं आवडलं की झुल्फिकारखानाने वेढा उठवला आणि स्वराज्याच्या चाकरीत रुजू झाला. त्याने तिन्ही डोंगर सारवले. लगदा उरला तो डायनासोरांना लावला, जेसीबीला लावला, आणि हात पुसायला मागच्या दाराचं पायपुसणं घेतलं. त्याआधी वालाच्या दाण्यांचा त्याचा अनुभव वाईट होता. पेरलेला दाणा उगवला का, ते रोज उकरून बघायचा आणि दाणा दर वेळी नाही म्हणायचा. शेवटी आईने काचेच्या पेल्यात ओला कापूस घालून दाणे काचेला लावून ठेवले, की बघ बाबा, मूळ कुठे आणि कोंब कुठे, पण हात लावू नकोस. अळिवाने त्याला उकरायला वेळच दिला नाही. तिसऱ्या दिवशी डोंगरांवर हिरवी लव आली. जेसीबीवरही थोडी आली. सगळ्यांत दाट आली ती पायपुसण्यावर. आईने दारात उभं राहून ते नीट न्याहाळलं. "एवढं एक जमलंय तुम्हाला," म्हणाली, आणि चहाला साखर आली. पायपुसणं झटकायचं नाही असं ठरलं. दिवाळीभर पाहुणे त्याला वळसा घालून आत आले.

पुढे एका संध्याकाळी परतीचा पाऊस आला. ऑफिसातून घरी पोचलो तर घरातल्या सगळ्या छत्र्या जिंजीवर होत्या आणि घरातली सगळी माणसं भिजत होती. चंद्रगिरीची माती वाहून बादलीचं निळं बूड दिसायला लागलं होतं. शेजारचा रायगड पार बसला, आणि मी चार सांत्वनाचे शब्द बोलून आलो. आईने न विचारता आणखी दोन घमेली माती काढून दिली. ती शेवंतीसाठी राखलेली होती. पण शेवंतीला आता कळ्या कुठे होत्या.

भाऊबीज झाली, मामा, आत्या, मावसभाऊ सगळे १६७७ आणि १६९८ बघून गेले, आणि आईने चाळण काढली. माती परत. शब्द म्हणजे शब्द. चाळणीत वर राहिलेल्या मालात मान मोडलेले दोन मावळे होते, टीव्हीच्या रिमोटचं झाकण होतं, चहाचा चमचा होता, आणि छाटणीची कात्री होती. ती राजगिरीच्या पोटात, महादरवाजाच्या थेट खाली होती. "मीच पुरली," धाकटा अभिमानाने म्हणाला. "उगवली नाही."

त्याच कात्रीने आईने उरलेली माती चाळण्याआधी एक काम केलं. गेरू-चुना लागला नव्हता त्या मागच्या उतारावरचा अळीव तिने बुडाशी कापला, तीन पाण्यांतून धुतला, काकडी आणि दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली. अळिवाच्या कोवळ्या पानांना मोहरीसारखा झणका असतो. हॉटेलात अशी चार पानं ताटाच्या कडेला टाकून वेगळे पैसे लावतात, हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हॉटेलवाले बादली परत देतात का?

थोरलीने ताट दूर सारलं. जिंजीचं जंगल ती खाणार नव्हती. जागतिक वारसा आहे तो. आजीने तिला समजावलं, बायकोने डोळे वटारले, मी युनेस्कोची हरकत नसेल असं सांगून पाहिलं. ती बधली नाही. धाकट्याने तिची वाटी ओढून घेतली, चाटूनपुसून संपवली, आणि पायपुसण्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, त्याची कधी करायची?"