चिमणी ठेवू की काढू?

आमच्या रेवदंड्याला फोटोग्राफर म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे. त्याचं बाजारपेठेत दुकान असतं, दुकानात मागे निळा पडदा, पुढे स्टूल, भिंतीवर कंगवा खोचलेला आरसा, आणि 'हनुवटी जरा खाली' असं सरपंचालाही फर्मावण्याचा अधिकार. माझ्याकडे यातलं काहीही नाही. मी मासिकांसाठी आणि कंपन्यांसाठी फोटो काढतो, तेही कुणाच्या पगारावर नाही. शेजारच्या वाडीतल्या अण्णांना हे समजावून सांगायचा प्रयत्न मी करून पाहिला आहे.

"म्हणजे तू कोणाकडे कामाला नाहीस?"

"नाही."

"तुझ्याकडे कोणी कामाला आहे?"

"नाही."

"मग रजा कोणाकडे मागतोस?"

रजा मागावी लागत नाही म्हटल्यावर अण्णांनी पोफळीच्या शेंड्याकडे बघत मान हलवली, आणि गावात माझी नोंद 'घरीच असतो' अशी झाली. घरी असतो तो मोकळाच असतो. त्यामुळे बँकेच्या केवायसीसाठी तातडीचा फोटो, म्हशीच्या विम्याचा फोटो (कानातला बिल्ला दिसलाच पाहिजे, म्हशीचं बाकी काही नाही दिसलं तरी चालेल) ही सगळी कामं माझ्याकडे येतात आणि मोबदल्यात शहाळी येतात. शहाळ्यांविषयी माझी तक्रार नाही. कंपन्यांच्या पैशांसारखी ती नव्वद दिवसांनी येत नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या वाड्यांवरून गेलं, तेव्हा माझ्या दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांनी एकदमच फोन केले. शहरातल्या संपादकांना काळ्या आभाळाखाली मोडून पडलेला एकच माड हवा होता, एकटा आणि अर्थपूर्ण. वाडीवाल्यांना पंचनाम्यासाठी आडवी झालेली सगळी झाडं हवी होती. "एकाच झाडापाशी रमू नकोस रे," अण्णा मागून ओरडत होते, "सगळी मोजता आली पाहिजेत!" छायाचित्रणावर मी बरंच वाचलं आहे, पण इतकी नेमकी सूचना कुठे वाचली नव्हती.

माझा धंदा कळायला थोडा भूगोल लागेल. कुंडलिका इथे समुद्राला मिळते. बंदरावर उभं राहिलं की समोर कोर्लईचा डोंगर आणि त्याच्या पाठीवर पसरलेला पोर्तुगीज किल्ला. डावीकडे वळलं की साळावचा पूल आणि पुलापलीकडे पोलादाचा कारखाना, त्याच्या चिमणीसकट. जवळच बिर्लांनी बांधलेलं पांढरंशुभ्र गणपतीचं देऊळ. अलिबागहून मुरूडकडे जाणारा पर्यटक देवळापाशी थांबतो, पेढे खातो, आणि चिमणीकडे पाठ करून सेल्फी काढतो. मला तशी पाठ करून चालत नाही. कारण कंपन्यांना ती चिमणी नको असते, मासिकांना हवीच असते, आणि माझं घर त्या हवी-नकोवर चालतं.

आधी 'नको'बद्दल. खाडीकडेच्या एका रिसॉर्टचं काम होतं. मालक मुंबईचे, भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोत चढून मांडव्याला उतरणारे. "सगळं अस्सल कोकण वाटलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी अस्सल कोकणातलं काय काय दिसता कामा नये याची यादी दिली. काठ्यांवर वाळणारे बोंबील नकोत. शेजाऱ्यांनी पडवीला बांधलेलं निळं प्लास्टिक नको. गड्याच्या अंगातला गंजी नको, त्याऐवजी त्याने धोतर नेसावं. (गडी तेवीस वर्षांचा. धोतर कसं नेसतात ते त्याने मोबाइलवर बघितलं.) माडावर बसलेला कावळा नको.

"आणि ते मागे काय आहे?"

"साळाव."

"ते काढून टाका. आता एआयने एका मिनिटात होतं म्हणतात. म्हणजे त्याचे वेगळे पैसे नाहीत ना?"

आमच्या धंद्यात काम जितकं लवकर होतं तितकं ते फुकट असायला हवं, असा एक समज आहे. सर्जनला कुणी असं म्हणाल्याचं ऐकलं नाही. असो. मी चिमणी निवडली आणि 'पुसा' म्हटलं. संगणकाने ती पुसली, पण मोकळी जागा बघून त्याला चैन पडेना. त्याने तिथे एक छानसं दीपगृह उभं केलं. दीपगृह कोर्लईला आहेच, संगणकाने ते फक्त साळावला हलवलं. मी ते पुसायला घेतलं तोवर मालकांनी मागून पाहिलं होतं. "अरे वा! हे ठेवा. पाहुण्यांना इथून चालत जाता येईल?"

पुढचा अर्धा तास मी एका अस्तित्वात नसलेल्या दीपगृहाकडे जायचा रस्ता का नाही, हे समजावण्यात घालवला. त्याचेही वेगळे पैसे नव्हते.

आता 'हवी'. एका मासिकाला 'किनारा आणि विकास' असा लेख करायचा होता. संपादक फोनवर म्हणाले, चिमणी मोठी दिसली पाहिजे, धूर असला तर उत्तम, आणि पुढे एक कोळी बांधव, चेहऱ्यावर उद्याची चिंता. लांब पल्ल्याची लेन्स लावली की मागची चिमणी पुढच्या होडीच्या डोक्यावर आणून बसवता येते, त्यात अवघड काही नाही. अवघड होती ती चिंता. होडीतल्या गृहस्थांना त्या दिवशी पापलेट बरी मिळाली होती आणि ते काही केल्या चिंतातुर होईनात. चिमणीबद्दल छेडलं तर हसून म्हणाले, "माजा पोर तथंच कामाला हाय. चिंता कसली?" मी तो हसरा फोटोच पाठवला. छापून आला तेव्हा फक्त चिमणी होती, होडीची नाळ होती, आणि गृहस्थ कापले गेले होते. म्हणजे रिसॉर्टवाल्यांना चिमणी पुसायला मी लागतो, आणि मासिकवाले माणूस स्वतःच पुसतात.

फोटो काढत होतो तेव्हा किनाऱ्यावरून होडीतल्या गृहस्थांची बायको विचारत होती, "मगासपासून फोटू कारतंस, म्हावरा घेनार हायस का नाय?" मी मासळी घेतली. त्या कामाचा एकमेव रोख व्यवहार तोच, आणि तोही माझ्या खिशातून झाला. मासिकाकडून पुढे अंक आला. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी घरात अंक हे धनच मानलं जातं. वाणी मात्र अजून मानत नाही.

कोर्लईला तर मला जायलाच संकोच वाटतो. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी पोर्तुगीजचा अंश असलेली बोली अजून घराघरांत बोलली जाते. त्यामुळे दर काही महिन्यांनी कुणीतरी संपादक 'लुप्त होत चाललेली भाषा' म्हणून मला तिकडे पिटाळतो. गावाला आता सवय झाली आहे. मी कॅमेरा काढला की एक आजी आपणहून खिडकीपाशी, उजेड चांगला पडतो तिथे, जाऊन बसतात. खिडकीतला मऊ उजेड मला शिकायला जी वर्षं लागली ती त्यांना लागलेली नाहीत. बसल्यावर विचारतात, "मागच्या वेळचा फोटो कुठाय?" मागच्या वेळी आला होता तो मी नव्हे, दुसराच कुणी, हे सांगून उपयोग नसतो. त्यांच्या लेखी कॅमेरावाला एकच आहे, तो परत परत येतो आणि रिकाम्या हाताने येतो. हल्ली मी अलिबागला प्रिंट काढून घेतो आणि पोचवतो. त्यांच्या मुलीने सांगितलं, आजींना मी काढलेला फोटो पसंत नाही. मागे आलेल्या 'त्याने' बरा काढला होता.

रेवदंड्यात फिरतीवर येऊन फसलेला मी पहिला नव्हे. १४६९ मध्ये अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी होर्मुझहून समुद्रमार्गे आमच्या शेजारच्या चौलला उतरला. रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा स्तंभ आहे. ख्वाजा अहमद अब्बासांनी त्याच्यावर 'परदेसी' नावाचा सिनेमाही काढला, १९५७ साली, नर्गिसला घेऊन. निकितिनने लिहिलंय की इथले लोक फार कपडे घालत नाहीत आणि गोऱ्या माणसाला बघायला घोळक्याने मागे फिरतात. पण मला जवळचं वाटतं ते त्याचं घोड्याचं प्रकरण. विकायला म्हणून त्याने एक घोडा जहाजातून आणला. जुन्नरच्या खानाने तो आधी काढून घेतला, मग खटपटीने परत मिळाला, आणि वर्षभर चारा घालून अखेर तो बिदरला विकला. वर तक्रार अशी, की हिंदुस्थानात आमच्या देशाजोगा माल मुबलक आहे म्हणून लोकांनी सांगितलं होतं, आणि इथे तसं काहीच नाही! फ्रीलान्सरच्या आयुष्याचा इतका जुना आणि इतका बिनचूक हिशेब दुसरा नसेल. मलाही दर वेळी सांगतात, "या वेळी बजेट कमी आहे, पण पुढे भरपूर कामं आहेत." माझा घोडाही कुणाच्या तरी लेखा विभागात बांधलेला असतो आणि चारा मी घालत असतो.

कायदा माझ्या बाजूने आहे, हे खरं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी केलेल्या माझ्यासारख्याचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यामहिन्याला चक्रवाढ. हे मी एका कंपनीच्या लेखा विभागाला नम्रपणे कळवलं. त्यांनी पैसे लगेच दिले. त्यानंतर त्या कंपनीला फोटोंची गरजच पडलेली नाही.

त्याहून मजा कराची. कंपनी बिल वहीत जमा करते तेव्हाच त्यावरचा दहा टक्के कर कापून सरकारला भरते. त्यामुळे माझ्या २६ एएस उताऱ्यात त्या कामाचा कर भरलेला दिसतो आणि बँकेत काम दिसत नाही. न मिळालेल्या पैशांवर कर भरणारा नागरिक म्हणून माझा सत्कार व्हायला हरकत नाही. फोटोही मीच काढीन. बरं, तो फोटो माझा असेल असंही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. मोबदला यायचाच असेल त्या काळात मालक कोण, हे वकील मित्राला विचारलं. त्याने सल्ल्याची फी सांगितली, म्हणून विषय तिथेच थांबला.

समुद्रकाठी खरा शत्रू मात्र कंपनी नव्हे, दमट हवा. पावसाळ्यात लेन्सला आतून बुरशी धरते, जाळ्यासारखी. म्हणून मी एक विजेवर चालणारं कोरडं कपाट घेतलं. आत दमटपणा पंचेचाळीस टक्क्यांवर ठेवायचा, काचेचं दार, बाहेर हिरवा आकडा. इतका खर्च एका कपाटावर केला म्हणून आई आठवडाभर त्याच्याकडे बघत नव्हती. मग जुलै लागला, डब्यातले पापड मऊ पडायला लागले, आणि तिने तो हिरवा आकडा काय सांगतो ते नीट समजून घेतलं. आता वरच्या कप्प्यात पोह्याचे पापड, मधल्यात फेण्या आणि खालच्यात माझ्या लेन्स आहेत. फोटो काढताना मॉडेल मध्येच "हिंगाचा वास कुठून येतोय?" असं विचारते. मी रेवदंड्याच्या किल्ल्याकडे बोट दाखवतो.

किल्ल्यात तसे सगळे वास खपतात. सातखणी बुरुजापाशी हिवाळ्यात लग्नाआधीच्या फोटोंची रांग लागते. रंगीत धुराच्या नळकांड्या, मागे दहा फूट लोळणारे घागरे, ते उचलून धरणारा चुलत दीर. हे काम मी करत नाही. पण ते करणाऱ्या पोरांना ॲडव्हान्स आधी मिळतो, हे बघत मी तिथून बराच वेळ हलत नाही.

परवा एक तिसराच फोन आला. रोह्याकडच्या एका कारखान्याला कॅलेंडर काढायचं आहे. त्यांना चिमणी हवी, पण धूर नको. पुढे हिरवळ, मागे निळं आभाळ, आणि चिमणीच्या बरोब्बर वर एक उडता पक्षी, म्हणजे पर्यावरण दिसेल. पैसे नव्वद दिवसांत. धूर मी पुसू शकतो, आभाळ मी निळं करू शकतो, पण पक्षी खराच हवा, एआयचा चालणार नाही, वरून चौकशी होते म्हणे. कोणताही पक्षी चालेल का, म्हणून विचारलं.

"कावळा सोडून," म्हणाले.