सांभाळन कोन?

हा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. सोसायटीच्या सभेत सगळे सोलरला माना डोलावत असताना ‘आणि काचा पुसणार कोण?’ विचारतो, तोच. राजूरच्या भाऊंचा प्रश्न हाच, फक्त वऱ्हाडी: “सांभाळन कोन?”

गणपती मंडळाने जनरेटर घ्यायचं काढलं: “सांभाळन कोन?” मुलीने मासे पाळायचा हट्ट धरला: “सांभाळन कोन?” धाकट्या भावाची सोयरीक जुळत होती, तेव्हा त्यांनी तोंड उघडताच वहिनींनी त्यात पेढा कोंबला.

वणीजवळचं राजूर कोळशासाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी ओळखलं जातं. तिथल्या मागच्या खोलीत बसून भाऊ एक ओपन सोर्स बिल्ड टूल सांभाळतात, म्हणजे कोडचे शेकडो तुकडे योग्य क्रमाने जुळवून चालतं सॉफ्टवेअर बनवणारं अवजार. फुकट.

पुण्याच्या एका पोराने त्यासाठी एक्स्टेन्शन लिहिलं. सातशे ओळी, नीटनेटक्या, टेस्टसकट. मूळ टूलमध्ये मर्ज करा, एवढंच मागणं. भाऊंनी सतरा शेरे मारले, पोराने सतराही निस्तरले. अठरावा शेरा तुम्ही ओळखला असेलच. तो इंग्रजीत होता, पण हेल वणीचाच.

“एक बटण दाबायला चार महिने?” पोर फोनवर कडाडलं.

भाऊंनी ‘मेक’ची कथा लावली. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी हे टूल लिहिलं, तेव्हा आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी असा नियम ठेवला. तो जाचक आहे हे त्यांना लवकरच कळलं, पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते. त्यांची घडी कशाला विस्कटा, म्हणून टॅब राहिला. टॅबऐवजी दुसरं चिन्ह निवडायची सोय ग्नू मेकमध्ये आली ती २०१० साली. “बारा जनांची भीड,” भाऊ म्हणाले, “चौतीस वर्षं पुरली.” मग ‘अँट’, तेही बिल्ड टूलच. त्यात ‘जर’ आणि ‘प्रत्येकासाठी’ ही कामं लोकांना हवी होती. ती अँट-कॉन्ट्रिब नावाच्या वेगळ्या संचात राहिली. “तुमचंही राहू द्या ना वेगळं!” पोराने फोन ठेवला.

मग २०२४चा मार्च उजाडला. फायली आवळणाऱ्या ‘एक्सझेड’मध्ये चोरदार सापडलं. दोनेक वर्षं मन लावून काम करणाऱ्या एका अनोळखी मदतनीसाने ते बिल्डच्या स्क्रिप्टमधूनच आत सरकवलं होतं. त्याआधी, एकट्याने बिनपगारी हा प्रकल्प ओढणाऱ्या थकल्या माणसामागे परक्या नावांनी तगादा लावला होता: किती हळू काम करता, दुसऱ्याच्या हाती द्या. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला खटकलं, म्हणून बिंग फुटलं.

त्या आठवड्यात भाऊंनी कुणालाच प्रश्न विचारला नाही. वहिनी घाबरल्या; ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

रात्री अकरानंतर मागच्या खोलीत दिवा दिसे. भाऊंनी पोराच्या सातशे ओळी एकेक करून वाचल्या; विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालवून पाहिल्या. एकदा ऐन टेस्टमध्ये वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांचे वडील भट्टीवर कामाला होते. भट्टीत दगड टाकायला जोर लागत नाही, पेटल्यावर काढून दाखवा, असं ते म्हणत. भाऊंनी हे पोराला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चार महिन्यांची भांडणं वाचली असती.

अखेर मर्ज झालं. अट एकच: कोणता भाग कोण सांभाळतो त्या यादीत, या एक्स्टेन्शनपुढे पोराचं नाव. पोराने आनंदाने लिहिलं.

पुढे त्याने नोकरी बदलली. या एक्स्टेन्शनबद्दलच्या गेल्या तीन तक्रारी भाऊंनीच निस्तरल्या. यादीतलं नाव मात्र त्यांनी अजून काढलेलं नाही.