अक्षांशराव

ट्रेकिंगच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक गाणारा असतो, एक सारखा खाणारा असतो, एक 'अजून किती राहिलं?' विचारणारा असतो आणि एक अक्षांशराव असतात. पहिल्या तिघांवाचून काही अडत नाही. अक्षांशराव नसले तरी ट्रेक होतो म्हणा, पण झाल्याचा पुरावा राहत नाही. आणि पुरावा नसलेला ट्रेक अक्षांशरावांच्या हिशेबी झालेलाच नसतो.

ओळखायला सोपे. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मानेवर झालर सोडलेली टोपी, आणि सॅकच्या डाव्या पट्ट्याला दोरीने बांधलेला जीपीएस रिसीव्हर. घरात चष्मा कुठे ठेवला ते वहिनींना विचारावं लागतं, पण पृथ्वीच्या पाठीवर आपण कुठे आहोत हे ते पाच-दहा मीटरच्या फरकाने सांगू शकतात. "मोबाईलमध्ये पण असतं की हे," असं त्यांच्यासमोर बोलू नये. "श्रावणात हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर तोलार खिंडीत उभा राहा आणि ओल्या बोटांनी तुझा तो पडदा हलवून दाखव," असं ते म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

त्याहून घातक प्रश्न म्हणजे, "रेंज नसली तर चालतं का हो काका?" हा विचारणारा कायम नवखा असतो आणि पुढचा अर्धा तास तो त्यांच्या तावडीत सापडतो. अरे बाबा, हे यंत्र कुणाशी बोलत नाही, नुसतं ऐकतं! वर वीस हजार किलोमीटरवर उपग्रह फिरताहेत, ते आपली वेळ सांगत सुटलेत, ती किती उशिरा पोचली त्यावरून अंतर निघतं. जागेसाठी तीन उपग्रह लागतात. चौथा कशाला? तर घड्याळासाठी. त्यांच्याकडे अणुघड्याळ, आपल्याकडे स्वस्तातलं क्वार्ट्झ. सेकंदाचा दहा लाखावा भाग इकडचा तिकडे झाला, तर अंतरात तीनशे मीटरची चूक. "म्हणजे कड्याच्या काठावरून थेट खाली," असं म्हणून ते हाताने दरी दाखवतात. नवखा दोन पावलं मागे सरकतो.

लोकांना लग्नाच्या तारखा लक्षात राहतात, अक्षांशरावांना २ मे २००० लक्षात आहे. त्याआधी अमेरिकेचं सैन्य सर्वसामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घोळ घालून ठेवायचं आणि शंभरेक मीटरची चूक गृहीतच धरावी लागायची. क्लिंटन यांच्या सरकारने तो घोळ त्या दिवशी बंद केला. "आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते," हे ते अशा स्वरात सांगतात की जणू फोन त्यांनाच आला होता.

ट्रेकच्या आदल्या रात्री ते झोपत नाहीत, सेटिंग करतात. सगळ्यात नाजूक मामला डेटमचा. त्यांच्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक जुना नकाशा आहे, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला. तो १८३० च्या एव्हरेस्ट मोजणीवर बेतलेला, आणि यंत्र चालतं डब्ल्यूजीएस ८४ वर. दोघांची पृथ्वीच्या आकाराविषयीची मतं वेगळी, त्यामुळे नकाशावरचा बिंदू तसाच यंत्रात घातला तर तो चांगलाच सरकतो. "पण काका, हरिश्चंद्रगडावर एव्हरेस्ट कुठून आला?" या प्रश्नावर गेल्या पावसाळ्यात एक आख्खी जीप पायथ्यापर्यंत जॉर्ज एव्हरेस्ट साहेबांचं चरित्र ऐकत गेली.

एवढं सूक्ष्म बघणारा हा माणूस निरोप मात्र अर्धवट पाठवतो. हरिश्चंद्रगड १९ अंश २३ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४६ मिनिटं पूर्व. आता एका अंशाची मिनिटं साठ, शंभर नव्हेत. अक्षांशराव घाईत '१९-२३, ७३-४६' एवढंच लिहितात आणि नवा भिडू ते दशांश चिन्ह देऊन १९.२३ आणि ७३.४६ असं भरतो. गड तिथल्या तिथे छत्तीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला सरकतो आणि मुरबाडच्या आसपास येऊन बसतो. मग पहाटे फोन येतो, "काका, मी पोचलो, पण इथे नुसती शेतंच आहेत."

पायथ्याच्या गावातला तासभर तर बघण्यासारखा. बाकीचे चहाला बसलेले, आणि अक्षांशराव जीपच्या बॉनेटवर यंत्र ठेवून आभाळाकडे डोळे लावून उभे. पडद्यावर तीन दांड्या भरलेल्या, एक रिकामी. "थांबा रे, चौथा यायचाय!" पत्त्यांच्या डावाला भिडू कमी पडावा तशी ती हाक असते. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला सगळ्या उपग्रहांची पंचांगं नव्याने उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात, हे त्यांना पाठ आहे, तरी दर मिनिटाला ते यंत्र हलवून बघतात. एकदाचा चौथा आला की होकायंत्राचं कॅलिब्रेशन. सेल बदलले की ते करावंच लागतं. यंत्र तळहातावर आडवं धरायचं आणि स्वतःभोवती सावकाश गोल फिरायचं. देवळाच्या अंगणात झालरीची टोपी घातलेला पोक्त गृहस्थ डोळे खाली रोखून गरगर फिरू लागतो. एक कुत्रं मागे फिरतं. ओट्यावरची म्हातारी विचारते, "यांच्या अंगात आलंय का रं?"

"नाही आजी," जीपचा ड्रायव्हर सांगतो, "सेल बदललेत."

चढावर ते शेवटी असतात, कारण दर वळणाला वेपॉइंट टाकतात. 'आंबा', 'आंबा २', 'मोठा दगड', 'दगड बहुतेक तोच'. नळीच्या वाटेत तर त्यांची दया येते. दोन्हीकडे कडे, वर आभाळाची चिंधी, सिग्नल खडकांवर आपटून येतात आणि यंत्र सांगतं की आपण सगळे समोरच्या कड्याच्या पोटात आहोत. ते कुणाला सांगत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं. जेवायला पानं मांडली तरी यंत्र चालूच. जागेवर बसलो तरी बिंदू इकडे-तिकडे सरकत राहतो, पडद्यावर नुसता गुंता तयार होतो आणि तो सगळा चालण्यात धरला जातो. म्हणून अक्षांशरावांच्या ग्रुपचा पिठलं-भाकरी खाताखाताही चारशे मीटरचा पल्ला होतो. उंचीचं विचारूच नका. उंचीत जीपीएसची चूक आडव्या अंतरापेक्षा जास्त, हे ते स्वतःच सांगतात, आणि तरी मंदिराच्या पाटीवरचा आकडा वेगळा दिसला की पाटी बदला म्हणतात.

हे सगळं खरं. पण तोलार खिंडीतून वर गेल्यावर मंदिरापर्यंतच्या टेकड्या ज्यांनी पावसाळी धुक्यात ओलांडल्यात, त्यांना विचारा. सगळ्या टेकड्या सारख्याच, कारवीही सारखीच, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि जिथे-तिथे गुरांच्या वाटा फुटलेल्या. हाका चारी बाजूंनी ऐकू येतात. अशा वेळी अक्षांशराव एकदम गप्प होतात. उपग्रह, क्लिंटन, एव्हरेस्ट सगळे बंद. खाली बघत ते सर्वांच्या पुढे चालू लागतात, आपणच सकाळी काढलेल्या रेषेवर, आणि सबंध ओळ मुकाट्याने त्यांच्या मागे जाते. 'आंबा २' खरंच लागतो. कुणी हसत नाही. गावातला वाटाड्या बरोबर असेल तर हे काही लागत नाही, तेही खरं. पण वाटाड्याचे पैसे वाचवायचा ठराव ग्रुपने आधीच पास केलेला असतो.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ट्रॅकची फाइल येते, चढ-उताराच्या आलेखासकट. फोटोंना बदामांचा पाऊस, फाइलला एक अंगठा, तोही वहिनींचा.

तेव्हा तुमच्या ग्रुपमध्ये अक्षांशराव असतील तर त्यांना जपा, फाइल उघडता येत नसली तरी अंगठा द्या, आणि दोन पेन्सिल सेल स्वतःच्या खिशात ठेवा. फक्त निघताना एवढं विचाराच, की जिथे गाडी लावली तो बिंदू साठवला का? नेमका तोच राहून जातो, कारण त्या वेळी ते अंगणात गोल फिरत असतात.