कलानं घेणारे अण्णा

हल्ली अण्णांकडे जायचं तर आधी फोन करावा लागतो, आणि फोनवर अण्णा काय म्हणतात ते ऐकू येत नाही. ज्यांनी अण्णांचा मूळ आवाज ऐकलाय त्यांना ही थाप वाटेल. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची हयात गेली. स्टँडवरचा लाउडस्पीकर बिघडला तर ते प्रवाशांना कळतही नसे, कारण अण्णा खिडकीतून नुसतं "महाऽऽड" म्हणाले तरी महाडची माणसं बोचकी उचलून उभी राहत. निवृत्तीनंतर तो आवाज घरी आला. चहा, पेपर, आंघोळीचं पाणी, मुलीचं लग्न, सगळं ठरल्या वेळेला सुटलंच पाहिजे. "ताबडतोब" हा त्यांचा लाडका शब्द. माईंनी संसाराची चाळीसेक वर्षं त्या शब्दावर काढली.

आता अण्णा पंचाहत्तरी ओलांडून बसलेत आणि त्यांच्या तोंडी नवीन पालुपद आलंय : "कलानं घ्यायचं." कुणाच्या कलानं? तर जेमतेम नव्वद-शंभर ग्रॅम वजनाच्या एका पक्ष्याच्या.

आमच्या जुन्या पनवेलला घरातल्या पोपटाची नवलाई नाही. वाडे होते तेव्हा ओटीवर पिंजरा असायचाच. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही हे शास्त्रज्ञांनी पुढे सांगितलं. आमच्या आज्या "पाप लागेल, मिरची दे त्याला" एवढंच म्हणायच्या. अण्णांच्या वडिलांकडेही राघू होता. त्याचा विश्वास कुणी संपादन केल्याचं ऐकिवात नाही. तो बोट फोडायचा, मग बोटावर हळद दाबायची आणि पुन्हा बोट घालायला जायचं, असा सरळ व्यवहार होता.

पुढे कायदा आला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला देशी पोपट घरात ठेवता येत नाही, हे अण्णांना एका संक्रांतीला समजलं. नायलॉन मांजात पंख अडकलेला राघू त्यांच्या गॅलरीत येऊन पडला. पुतण्यानं वनखात्याचा १९२६ नंबर लावला, माणसं आली, राघूला बुटाच्या खोक्यातून घेऊन गेली. अण्णांनी पोच मागितली. नंतर बराच काळ ते दर रविवारी कर्नाळ्याला जात. पनवेलहून बारा-तेरा किलोमीटर, अभयारण्य १९६८चं, पक्षी मुबलक. प्रत्येक हिरव्या पक्ष्याकडे ते "ओळखलंस का रे?" अशा नजरेनं बघत. एकानंही ओळख दाखवली नाही.

मग पिक्या आला.

आषाढातली सकाळ, वडाळे तलावाकाठी अण्णांची फेरी चाललेली. (चालायला जाण्याला ते फेरीच म्हणतात. रद्द झाली तर माईंना तसं कळवतात.) कावळ्यांचा कल्ला ऐकून बघितलं तर कठड्याच्या कोपऱ्यात राखाडी रंगाचं, पिवळ्या डोक्याचं, दोन्ही गालांवर नारिंगी टिकल्या लावलेलं काहीतरी भिजून बसलेलं. अण्णांनी छत्रीनं कावळे पिटाळले आणि नॅपकिन टाकून त्याला उचललं. त्यानं अंगठ्याचा असा चावा घेतला की अण्णा त्यांच्या मूळ आवाजात ओरडले. तलावाच्या पलीकडे चालणारे दोघं थांबले म्हणतात.

"हे काय आणलंत?" माई म्हणाल्या.

"पोपट."

"पोपट हिरवा असतो."

हा संवाद अण्णांना पुढे आळीतल्या प्रत्येकाशी करावा लागला. कॉकटील हा ऑस्ट्रेलियातला, काकाकुवाच्या कुळातला पक्षी. इथे क्रॉफर्ड मार्केटात वगैरे विकायला येतात ते पिंजऱ्यातच जन्मलेले. तो सोडून द्यायची सोय नाही, कारण दाणा शोधायचा कसा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं आणि कावळे तर टपलेलेच. अण्णांनी हे सगळं मराठीतून, इंग्रजीतून आणि शेवटी हातवारे करून सांगितलं. तरी समोरच्या डेअरीवाल्यानं विचारलंच, "पण अण्णा, हिरवा कधी होणार?"

मालकाचा शोध झाला. डेअरीत, पोळी-भाजी केंद्रात, सोसायटीच्या ग्रुपवर सूचना लागली. दावेदार आले. अण्णांनी त्यांची तोंडी परीक्षा घेतली. एकानं आपला पक्षी "लव्हबर्ड, निळा" असल्याचं सांगितलं; दुसऱ्याला पक्ष्याचं डोकं कोणत्या रंगाचं हे आठवेना; तिसऱ्या बाई म्हणाल्या, आमचा नाही, पण नको असेल तर न्यायला आलेय. सगळे नापास. मग नोंदणीचा ध्यास. विदेशी पक्षी म्हणजे सरकारदरबारी कागद हवा, शिक्का हवा. काही विदेशी पोपटांची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ती यादी त्यांनी पुतण्याकडून वरून खालपर्यंत वाचवून घेतली. कॉकटील त्यात नाही, नोंदणीची गरजच नाही, हे कळल्यावर इतका पडलेला चेहरा मी अण्णांचा कधी पाहिला नव्हता.

नाव नातीनं ठेवलं : पिकाचू. पिवळं डोकं, लाल गाल, तिचं बरोबरच होतं. त्याचं दोन दिवसांत पिक्या झालं. आणि पनवेलात चार पैसे असलेला, नसलेला, असल्यासारखा वागणारा प्रत्येकजण शेठ असतो, त्यामुळे आठवडाभरात पिक्याशेठ.

पिक्याशेठना दाखवायला अण्णा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात गेले. कुणी जवळचा डॉक्टर सुचवला होता, पण लहानपणी वडिलांकडून ते नाव ऐकलेलं, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं, इंग्रजांच्या काळापासून जनावरं बरी करणारं. अण्णांचा भरवसा जुन्या आस्थापनांवर. पनवेलहून हार्बरनं कुर्ला, तिथून परळ. हातात भाजीची टोपली, वर माईंच्या जुन्या साडीचा तुकडा. घाबरलेला कॉकटील सापासारखा फुत्कार टाकतो, हे तोवर घरातल्यांनाच माहीत होतं. परतताना कुर्ल्याच्या गर्दीत टोपलीतून "फुस्स" आलं आणि अण्णांच्या भोवती तिघंजण बसतील एवढी जागा रिकामी झाली. वाशीपर्यंत ते ऐसपैस बसून आले. गैरसमज त्यांनी दूर केला नाही.

डॉक्टरांनी पंख पाहिले. उडायची पिसं कुणीतरी कापलेली, ती गळून नवीन येतील. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलाय, पालेभाजी, गाजर सुरू करा. आणि जाता जाता म्हणाले, "हाताला घाबरतोय. घाई करू नका, त्याच्या कलानं घ्या." बस्स. अण्णांच्या आयुष्याला तिथून वळण लागलं.

नव्या वळणाचे नियम असे. पिंजरा भिंतीला लागून, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी रोखून बघायचं नाही. तसं शिकारी प्राणी बघतात. मान वळवून एका डोळ्यानं, जमलं तर सावकाश पापणी मिटून. नॉनस्टिक तवा घरातून हद्दपार, तो फार तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी दगावतो. उदबत्ती देवघराच्या खिडकीबाहेर. पिक्या बाहेर असेल तर पंखा बंद, मे महिना असला तरी. त्याला दहा-बारा तास झोप लागते, म्हणून संध्याकाळी सातनंतर टीव्ही मुका. अंधारात एकदम दचकून तो पिंजऱ्यात आपटतो, म्हणून रात्री मिणमिणता दिवा. माई मालिका बघतात आणि पात्रांच्या ओठांवरून अंदाज बांधतात.

"मी झोपलेय म्हणून ह्यांनी उभ्या जन्मात रेडिओ कमी केला नाही," त्या मला म्हणाल्या. मोठ्यानं नव्हे. त्याही आता कुजबुजतच बोलतात.

दिवाळीला जावईबापू पुण्याहून आले. त्यांना टोपी काढायला लावली, पिक्या टोपीला बिचकतो. मग लाल कुर्ता बदलायला लावला. मग खुर्ची तिरकी करून दिली. जावई भिंतीकडे तोंड करून चकली खातोय, सासरे त्याच्या खांद्यावरून पिंजऱ्याकडे एका डोळ्यानं बघतायत आणि दोघं कुजबुजत्या आवाजात म्युच्युअल फंडांवर बोलतायत, हे दृश्य दारातून पाहून मी आल्यापावली परत गेलो.

अण्णांची नोंदवही हा वेगळा विषय आहे. एसटीतल्या सवयीनं पट्टीनं रेघा मारलेली, चोवीस ताशी घड्याळ. "१५.२५ दार उघडले. १५.३० हात आत, राळ्यासह. १५.५० हात बाहेर (मुंग्या)." राळ्याचं कणीस म्हणजे कॉकटीलला पेढा. भोगीला राळ्याचा भात खाल्लेल्या माणसाला हे कणीस पक्ष्यांच्या दुकानात, प्लास्टिकच्या पिशवीत, इंग्रजी नावानं आणि त्या भावात बघून धक्का बसला, पण घेतलं. रोज दुपारी ते कणीस धरून अण्णा पिंजऱ्यात मनगटापर्यंत हात घालून बसायचे. पिक्या दुसऱ्या टोकाला, तुरा ताठ उभा. तुरा म्हणजे त्याचा मिजाज : ताठ उभा म्हणजे धास्ती, डोक्याला चपटा चिकटला म्हणजे राग, अर्धवट सैल म्हणजे बरं चाललंय. वहीत तुऱ्याला स्वतंत्र रकाना आहे. पिक्यानं कणसाच्या टोकाचा एक दाणा टिपला त्या दिवशी अण्णांनी आळीत कुणालाही कारण न सांगता बर्फी वाटली. डेअरीवाल्याला वाटलं, नातू झाला.

आणि एके दिवशी, हात आत ठेवून अण्णांना डुलकी लागली असताना, पिक्या आपण होऊन बोटावर चढला. जाग आली तेव्हा दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पोपटाची घट्ट पकड त्यांच्या तर्जनीवर. श्वाससुद्धा बेतानं. नेमका गॅसवाला आला. त्यानं बेल वाजवली, कडी वाजवली, "अण्णाऽऽ" केलं. माई देवळात, बल्लाळेश्वराला. अण्णा आतून कुजबुजत राहिले, "आलो, आलो." सिलिंडर परत गेला. पुढे चार दिवस माईंचा स्वयंपाक इंडक्शनवर. वहीत त्या दिवसाची नोंद एकच आहे, "१६.१० आला," आणि खाली लाल पेनानं दोन रेघा.

आता पिक्याला पिसं आली आहेत. तो पडद्याच्या दांडीवरून अण्णांच्या खांद्यावर येतो, चष्म्याची काडी कुरतडतो, त्यांच्या कानात चोच घालून बारीक आवाजात तक्रारी सांगतो. अंगाची पांढरी भुकटी सगळ्या घरभर उडवतो. माई दिवसातून दोनदा टीव्ही पुसतात. २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली, तेव्हा आख्खं पनवेल गच्चीवर होतं आणि अण्णा पिंजऱ्यावर पांघरूण धरून घरात. बोलत मात्र तो नाही. पुतण्यानं ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन पोपटाची हकीकत सांगितली; आयरीन पेपरबर्ग नावाच्या बाईंनी त्याला शंभरावर शब्द शिकवले, रंग नि आकडे शिकवले, २००७ साली तो गेला तर जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. अण्णा म्हणाले, "त्यांचा बोलका असेल. आमचा ऐकून घेणारा आहे."

ऐकून घेतो हे खरं. कॉकटील शब्दांपेक्षा शिट्टीत हुशार. पिक्यानं पहिली उचलली ती कुकरची. तंतोतंत, शेवटच्या "सूं"सकट. माई आयुष्यभर शिट्ट्या मोजून स्वयंपाक करत आल्या : डाळीला तीन, छोल्यांना सहा. आता कुठली कुकरची, कुठली शेठची हे त्यांना उमगत नाही. महिनाभर त्या घरात कच्चं वरण होतं. अण्णा ते निमूट खात होते. पूर्वी मीठ कमी पडलं तर शेजारच्या बिल्डिंगला कळायचं.

अडचण वेगळीच झाली आहे. पिक्याचा विश्वास बसला तो फक्त अण्णांवर. बाकी सगळ्यांना फुत्कार. अण्णा जिन्यानं खाली उतरले की तो किंचाळायला लागतो, ते टपाल नाक्यापर्यंत गेले तर खाणं सोडतो. पुतणीच्या लग्नाला पेणला गेले आणि अक्षता पडताच, पंगतीला न बसता, हातात बुंदीचा पुडा घेऊन परत आले. पंचाहत्तरी पार केलेल्यांना २०२२पासून एसटीचा प्रवास फुकट आहे. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना मार्गस्थ केलं, त्याला सगळा महाराष्ट्र मोफत झाला आणि तो दोन खोल्यांत अडकून बसलाय. मी एकदा तसं बोललो. अण्णांनी एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं, सावकाश पापणी मिटली आणि म्हणाले, "कलानं घ्यायचं."

माईंनी मात्र यातून वाट काढली. बायकांना अर्धं तिकीट आहेच. भजनी मंडळाबरोबर त्या आधी अक्कलकोट करून आल्या, मग कोल्हापूर, आणि गेल्या आठवड्यात गणपतीपुळे. अण्णांसाठी डबे भरून, वर चिठ्ठ्या चिकटवून जातात. गणपतीपुळ्याहून त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी अण्णांकडेच होतो, भिंतीकडे तोंड करून. मागे समुद्राची गाज, बायकांचं हसणं, माई कधी नव्हे ते मोकळ्या आवाजात बोलत होत्या. त्यांचा आवाज ऐकून पिक्यानं तुरा फुलवला आणि दणदणीत शिट्टी दिली. मग दुसरी. मग तिसरी.

"अहो, तीन झाल्या! गॅस बंद करा!" तिकडून माई ओरडल्या. "ताबडतोब!"

अण्णा उठले, पिक्याला खांद्यावर सांभाळत स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद केला. तो लावलेलाच नव्हता.