आपलं आपण बघू

गाईड या माणसाबद्दल आमच्या वाड्यातल्या अप्पांच्या मनात कायमची अढी आहे, आणि ती समजायला नाशिकच्या पंचवटीत जन्मावं लागतं. प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून अप्पा रोज सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, फिरायला जातात. मालेगाव स्टँडच्या बाजूला तेव्हा यात्रेच्या गाड्या लागलेल्या असतात. रात्रभर बसमध्ये डुलक्या काढलेली माणसं डोळे चोळत खाली उतरतात न उतरतात तोच प्रश्न येतो, "गाव कोणतं? आडनाव काय?" तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत खापरपणजोबांची नोंद सापडते आणि नातू जागेवरच विरघळतो. तिथून सुटला तर पुढे रिक्षावाला उभाच असतो. "काळाराम, सीता गुंफा, तपोवन, सगळं दाखवतो. एका तासात!"

"एका तासात!" अप्पा घरी येऊन चहा घेता घेता संतापतात. "प्रभू रामचंद्रांनी इथे वनवासातली वर्षं काढली. यांना तासात उरकायचंय."

गाईड तीनच गोष्टी सांगतो, असा अप्पांचा सिद्धांत आहे. पहिली, जी आपल्याला समोर दिसतच असते. दुसरी, जिला काडीचाही पुरावा नसतो. आणि तिसरी, इथून जवळच आपल्या माणसाचं दुकान आहे. जुन्या सीबीएसवरून एसटीची नाशिक दर्शनाची बस सुटायची, तिच्यात अप्पा जन्मात बसले नाहीत. पण ती कुठे किती मिनिटं थांबते आणि कुठे काय चुकीचं सांगतात, हे त्यांना तोंडपाठ होतं.

त्यांचं ब्रीद एकच: आपलं आपण बघू. प्रवास ठरला की महिनाभर आधी दोनशे पानी वही निघते. अंतरं, गाड्यांच्या वेळा, देवळं बंद होण्याच्या वेळा, सगळं लाल-निळ्या शाईत. परगावी उतरल्यावर चार माणसांना रस्ता विचारायचा आणि पाचव्याचं ऐकायचं, ही त्यांची पद्धत. पाचवा म्हणजे स्वतः अप्पा.

मुलाने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून अप्पांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मुंबई-गोवा क्रूझवर पाठवलं, तेव्हा या ब्रीदाची खरी परीक्षा झाली. ही हकिगत आमच्या वाड्यात दोन आवृत्त्यांत उपलब्ध आहे, अप्पांची आणि काकूंची. मी काकूंची प्रमाण मानतो.

जहाज सकाळी मुरगाव बंदराला लागलं. खाली उतरून गोवा पाहायचा तर दोन वाटा होत्या. जहाजवाल्यांच्या बसमधून जायचं, नाहीतर आपलं आपण. बसवाल्यांच्या यादीत जुन्या गोव्याची चर्चेस होती, पणजीचा फेरफटका होता आणि जेवणही होतं. काउंटरवरच्या मुलीने एक गोष्ट बजावून सांगितली: आमची बस कुठे अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. काकूंनी तिथल्या तिथे बसचं तिकीट घेतलं.

"अगं, कशाला मेंढरांसारखं कळपात जायचं?" अप्पा म्हणाले. खाली धक्क्यावर एक मुलगी सात नंबरचा झेंडा उंच धरून उभी होती आणि चाळीस माणसं त्या झेंड्याकडे बघत चालली होती. ते दृश्य अप्पांनी पोटभर हसून घेतलं.

"अहो, मेंढरं वेळेवर घरी येतात," असं म्हणून काकू झेंड्यामागे गेल्या.

अप्पांनी बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सी ठरवली. मागितले त्याच्या निम्मे सांगितले, तिघांना धुडकावलं आणि चौथ्याला पहिल्याने मागितलेलेच पैसे दिले. यात पाऊण तास गेला. मंगेशीच्या वाटेवर त्यांनी ड्रायव्हरला गोव्याचा इतिहास सांगायला घेतला. "१७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. तुमच्या पोर्तुगीजांची घंटा आमच्या गंगेवर नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे, आहात कुठे!" ड्रायव्हर गोव्याचा. पोर्तुगीजांना कोणी त्याचे म्हणावं, हे त्याला नवीन असावं. तो नुसता "हो का?" म्हणाला आणि वेटिंग चार्ज वाढवून सांगितला.

मंगेशीच्या दीपमाळेपाशी अप्पांनी घड्याळ पाहिलं. सभामंडपात पाहिलं. गाभाऱ्यासमोर हात जोडलेले असतानाही मनगट किंचित वळवून पाहिलं. जहाज थांबणार नाही, हे वाक्य आता एकेक पायरी चढून डोक्यात गेलं होतं. रस्त्यात ट्रक आडवा झाला तर? टायर पंक्चर झाला तर? म्हाळसेचं दर्शन राहिलं, जुना गोवाही राहिला. जहाज सुटायला तीन तास असताना अप्पा बंदराच्या फाटकावर हजर होते. तिथे सिमेंटच्या कठड्यावर बसून त्यांनी स्वतंत्रपणे कोळशाच्या गाड्या पाहिल्या.

संध्याकाळी काकू परत आल्या. बॉम जीझसच्या बासिलिकेत सेंट झेवियरची पेटी पाहून झाली होती, पणजीत काजू घेऊन झाले होते आणि बसमध्ये छान झोपही झाली होती. "काय सांगितलं गं तुझ्या गाईडने?" अप्पांनी विचारलं. "काय की," काकू म्हणाल्या, "मी खिडकीशी होते." अप्पांना वाटलं, आपण जिंकलो. काकूंनाही तसंच वाटलं. म्हणून तर ते लग्न इतकी वर्षं टिकलं आहे.

इथवर अप्पा म्हणजे सर्वसामान्य हट्टी गृहस्थ वाटतील. त्यांचं खरं रूप पाहायचं तर ते नाशिकमध्येच.

माझा पुण्याचा आतेभाऊ बायको-मुलांसह वणीला निघाला होता. वाटेत नाशिकला अर्धा दिवस मोकळा होता. एखादा माहीतगार रिक्षावाला गाठू आणि मुख्य मुख्य ठिकाणं पाहू, असा त्यांचा साधा बेत. तो अप्पांच्या कानावर गेला. दहाव्या मिनिटाला अप्पा दारात. पायात बूट, खांद्याला पिशवी, हातात छत्री. "गाईड-बिईड काही नको. आपलं आपण बघू. मी आहे ना!"

आधी गोदाघाट. नारोशंकराच्या घंटेखाली त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाले, "ही घंटा." घंटा सगळ्यांना दिसतच होती. मग दुतोंड्या मारुती आला. पाणी मारुतीच्या कुठवर चढलं यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतात, हे सांगताना अप्पांनी गुडघा, कंबर, छाती अशा पातळ्या स्वतःच्या अंगावर दाखवल्या. धाकटा पुतण्या मध्येच पाण्याकडे सरकला, तेव्हा त्याला मागे ओढून पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात केली.

पंचवटीत वडांपाशी आले तेव्हा क्षणभरही न अडखळता म्हणाले, "हेच ते रामाच्या वेळचे पाच वड." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काळारामाच्या दारात मात्र त्यांचा आवाज बदलला. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला, माणसांनी लाठ्या-दगड खाल्ले, वर्षानुवर्षं लढा चालला आणि तरी तेव्हा हे दार उघडलं नाही, हे त्यांनी हातवारे न करता सांगितलं. मोबाइलमध्ये तोंड घातलेल्या पुतणीनेही मान वर केली. कुठल्याही तासाभराच्या फेरीत हे कोणी इतकं नीट सांगत असेल, असं मला वाटत नाही.

तिथून पांडवलेणी. आतेभावाची बायको बिचारी पायऱ्या पाहूनच म्हणाली, "खालून दिसतातच की." पण अप्पा चढू लागले होते. चोवीस लेण्यांपैकी तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरून ठेवलाय, तो शिलालेख दाखवून ते म्हणाले, "मुलाचं कौतुक कसं करावं, ते हिच्याकडून शिकावं."

"आजोबा, यातली भीमाची खोली कोणती?" पुतण्याने विचारलं.

"पांडवांचा काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची लेणी."

"मग नाव पांडवलेणी का?"

अप्पा क्षणभर थांबले. "चला, पुढे चला, मागे गर्दी होते आहे," म्हणाले. मागे एक कुत्रं होतं. मग त्यांनी मिटलेली छत्री उंच धरली आणि आम्ही सहाही जण त्या छत्रीकडे बघत निघालो. दर वळणावर थांबून ते माणसं मोजत होते. नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये आयुष्य गेलेलं, मोजणी चुकायची सोय नव्हती.

द्राक्षाचे मळे आणि वायनरी पाहायची पुतणीची फार इच्छा होती. "द्राक्षं पिशवीत आणून खायची असतात," असा निकाल लागला. त्याऐवजी मोर्चा गावात वळला. "इथून जवळच आपल्या माणसाचं दुकान आहे." दुकानदाराने लांबूनच हाक मारली, "या अप्पा! आज किती जण?" पाव्हण्यांनी दोन किलो चिवडा घेतला. अप्पांनी एका पैशाचं कमिशन घेतलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. निघताना दुकानदाराने त्यांच्या पिशवीत एक पुडा सरकवला, तोही त्यांनी नको नको म्हणतच घेतला.

अप्पांसारखी माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांचा राग गाईडवर नसतो, तो झेंडा दुसऱ्याच्या हातात असण्यावर असतो. तेव्हा परक्या गावात चार-पाच तासच असतील आणि मागे जहाज किंवा गाडी सुटणार असेल, तर निमूट बस पकडा. निदान घड्याळाची काळजी दुसरा वाहील. एकच देऊळ किंवा एकच लेणं मनसोक्त पाहायचं असेल, तर मात्र खुशाल एकटे जा. आणि नाशिकला आलात तर काळाराम अप्पांबरोबरच पाहा. फक्त पांडवलेण्याला जायचं त्यांना आधी सांगू नका, आणि चिवड्याला पैसे वेगळे ठेवा.