वायर गेली, पण कुठवर?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बिघडलेलं यंत्र घेऊन जा. मिस्त्री आधी किंमत सांगत नाही, आधी पाना घेऊन ते उघडतो. म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं घेणारं, ऑइल इंजिनं घडवणारं, फौंड्र्यांच्या धगीवर पोट भरणारं हे गाव. इथल्या पोरांना जुन्या इअरफोनची वायर कापून घरीच ब्लूटूथ बसवायचा नाद लागला तर त्यात नवल कसलं? नवल वाटतं ते शेवटी हातात काय उरतं ते बघून.

व्हिडिओत सगळं गाण्याच्या तालावर चटकन उरकतं. घरी पहिली अडचण तारेचीच. इअरफोनची तार केसासारखी, वर इनॅमलचा थर. तो जाळल्याशिवाय कथील धरत नाही, आणि जरा जास्त जाळला तर तारही जाते. ती जमली की दुसरी गोम. पिनेपर्यंत दोन्ही कानांची एक तार सामाईक असते, पण बऱ्याच छोट्या ब्लूटूथ सर्किटांना प्रत्येक कानाची जोडी वेगळी लागते. हे व्हिडिओवाला सांगत नाही. सर्किट गेल्यावर खालच्या कॉमेंटीत कळतं.

खरी गंमत चार्जिंगची. टीपी४०५६ नावाचं स्वस्त मॉड्यूल सर्रास वापरतात. ते सेलला १ अँपिअरपर्यंत प्रवाह देतं. कानातल्या खेळण्याचा सेल १०० मिलीअँपिअर-तासाच्या आसपासचा. म्हणजे तालमीतल्या पैलवानाचा खुराक बालवाडीतल्या पोराला! मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावला की प्रवाह १३० मिलीअँपिअरच्या घरात येतो. इतक्या लहान सेलला तोही अंमळ जास्तच. रेझिस्टर तिळाएवढा, म्हणून बदलायचा कंटाळा. मग लिथियमचा सेल फुगतो, आणि नशीब फुटकं असेल तर पेटतो. जाळ अन् धूर संगटच म्हणतात तो प्रकार कानाजवळ नको.

समजा, सगळं जमलं. आता बघा काय झालंय: दोन्ही कानांना जोडणारी वायर तशीच, मधे चिकटपट्टी गुंडाळलेली डबी, आणि ती शर्टाच्या कॉलरला अडकवलेली. फोनपासून सुटलेली वायर माणसाच्या गळ्यात पडली. बरा तयार नेकबँड राजारामपुरीत हजाराच्या आत मिळतो. ज्यात जुन्या इअरफोनची पिन सरळ खुपसता येते असा ब्लूटूथ रिसीव्हर त्याहून स्वस्त, त्यात तर काही कापायचंच नाही.

तरी पोरांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला कमीच. ७ सप्टेंबर २०१६ ला ॲपलनं आयफोन ७ मधून इअरफोनचं भोक बुजवलं आणि त्यांच्या फिल शिलर साहेबांनी त्याला व्यासपीठावरून ‘धाडस’ म्हटलं. त्याच डिसेंबरात बिनवायरीचे एअरपॉड्स विकायला आले. धाडसाचं बिल गिऱ्हाईकाला. ते एअरपॉड्स आयफिक्सिटवाल्यांनी उघडून पाहिले आणि दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले. सगळं गोंदानं चिकटवलेलं. सेल दमला की अख्खा कान कचऱ्यात. उद्यमनगरच्या मिस्त्रीचा याहून मोठा अपमान कुठला?

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणाची बॅटरी काही अपवाद सोडता गिऱ्हाईकाला स्वतः काढता यावी लागेल. आपल्याकडं सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. छान आहे. पण पोर्टलनं गोंद सुटत नाही.

तेव्हा पोरांनो, चालू वायर कापू नका, त्यात शौर्य नाही. पिन मोडलेला किंवा एक कान मुका झालेला इअरफोन मात्र बिनधास्त उघडा. पिन बदलायला शिका, ती विद्या ब्लूटूथपेक्षा जास्त दिवस टिकेल. आणि सेल बसवलाच, तर आधी रेझिस्टर बदला, आणि चार्जिंगला लावून झोपू नका.