पट्टी निघते का?

लक्ष्मणराव किर्लोस्करांना पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. बेळगावात माल तयार आणि गिऱ्हाईक नाही. ही अवस्था आज कुणी गुंतवणूकदारापुढं मांडली, तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत तो ‘कळवतो’ म्हणून उठेल आणि पुढं जन्मभर कळवणार नाही. लक्ष्मणरावांचं बरं होतं. त्यांच्याकडं गुंतवणूकदार नव्हता, सायकलींचं दुकान होतं. भाऊ रामूअण्णा सायकल विकत, मग ती चालवायला शिकवत आणि शिकवण्याचे वेगळे पैसे घेत. नांगराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत घरात असं काहीतरी फिरतं चाक लागतं.

पुढं बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि बिऱ्हाड उचलायची वेळ आली. तेव्हा धावून आले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. 1909 साली गादीवर आलेल्या या राजानं 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये कर्ज दिलं. जमिनीवर निवडुंग आणि साप यांचा कब्जा होता. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि त्या जमिनीवर वसलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याचा पैसा सांगलीत गुंतला, असं दोन्हीकडच्या लोकांना भांडायला सोयीचं विधान करता येईल. बाळासाहेबांनी पुढं सूर्यनमस्कारांचाही जोरदार प्रचार केला. गुंतवणूकदारानं संस्थापकाच्या तब्येतीची इतकी काळजी केल्याचं दुसरं उदाहरण प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. आजच्या संस्थापकाचं सर्व्हरचं बिल थकलं, तर तोफा सोडाच, सख्खा मेहुणा क्रेडिट कार्ड देत नाही.

हा आजचा संस्थापक सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळ, खाली दूध डेअरी आणि वर दोन खोल्या अशा इमारतीत हमखास सापडतो. वालचंद कॉलेजात नाहीतर इस्लामपूरच्या आरआयटीत इंजिनिअरिंग शिकलेला, पुण्यात हिंजवडीला तीन-चार वर्षं काढलेला. कंपनीत माणसं तीन. एक तो, दुसरा कॉलेजातला मित्र, तिसरा मामेभाऊ. मामेभावाचं पद ‘चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर’. तो चहाही आणतो. घरात कंपनीचा उल्लेख ‘त्याचं ते’ असा होतो. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला आई पूर्वी ‘पुण्याला कंपनीत आहे’ म्हणायची, आता ‘त्याचीच कंपनी आहे’ म्हणते, आणि स्थळ दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नसल्याचं कळवतं.

सांगलीत राहून हळद आणि बेदाण्याचं ॲप काढलं नाही, तर काढायचं काय? कल्पना नामी असते. शेतकऱ्यानं फोनवर मालाचा फोटो टाकायचा, व्यापाऱ्यानं बोली लावायची, मधला अडत्या बाद. सादरीकरणात अडत्याच्या चित्रावर लाल फुली मारलेली असते. पुण्यातल्या स्पर्धेत तिला टाळ्या पडतात आणि स्मृतिचिन्ह मिळतं.

मग संस्थापक मार्केट यार्डात उतरतो. तिथं त्याला कळतं, की फुली मारलेला माणूस नुसता मध्ये उभा नसतो. लागणीच्या वेळी बियाण्याला, मग खताला, मधेच पोरीच्या लग्नाला उचल तोच देतो. माल आला की सौदा लावतो, वजन करून घेतो, व्यापाऱ्याकडून पैसे यायला वेळ लागला तरी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे खर्च वजा जाता हाती पडणाऱ्या पैशांचा हिशेब, करून देतो, आणि व्यापारी बुडाला तर आधी याच्या नावानं बोंब होते. ॲपमध्ये उचलीचं बटण नसतं. शेतकरी विनम्रपणे विचारतो, “लेका, तुजं ॲप चांगलं हाय. पर जूनमधी पैसं दील का?” स्पर्धेच्या परीक्षकांपैकी कुणालाच हा प्रश्न सुचलेला नसतो. शिवाय हळदीचा भाव सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच आलेला असतो, फुकट, वर गुलाबाच्या फुलासह सुप्रभात.

या संस्थापकांच्या भिंतीवर स्टीव्ह जॉब्ज असतो. तिथं कैलाश काटकरांचा फोटो लावायला हवा, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं. 1985 मध्ये पुण्यात महिना 400 रुपयांवर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी. 1990 मध्ये 15,000 रुपयांच्या भांडवलावर मंगळवार पेठेत स्वतःचं दुकान, तेही दुरुस्तीचंच. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांपैकी अनेकांचा आजार एकच निघू लागला, व्हायरस. कॉम्प्युटरचं शिक्षण घेणारा धाकटा भाऊ संजय ते साफ करणाऱ्या युक्त्या लिहीत होता. त्यातून 1995 मध्ये ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस बाजारात आलं.

यात लक्षात घ्यायचं ते असं, की संजयच्या सॉफ्टवेअरला गिऱ्हाईक मिळेपर्यंत कैलाशच्या दुकानात पैसे येत होते. आणि विकायची वाटही दुकानातूनच गेली. गावोगावच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोरांना याचा उपयोग होता, ती पोरंच ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर चढवत. म्हणून सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. नव्वदचं दशक संपता संपता कंपनी बंद करावी की काय, इथवर गोष्ट आली होती. ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव 2007 मध्ये घेतलं, 2010 मध्ये सिकोया कॅपिटलनं 60 कोटी रुपये घातले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. पहिल्याच दिवशी शेअर विक्रीच्या किमतीखाली घसरला. पंचवीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला गिऱ्हाईक घासाघीस करतं, एवढं तरी माहीत असणार.

विश्रामबागेतल्या संस्थापकाला ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते. बँकेतली शिल्लक किती महिने पुरेल याचा तक्ता तो रोज रात्री उघडतो. तक्ता फार सुंदर असतो, रंगीत. त्यात मामेभावाचा पगार ‘पुढील तिमाही’ या रकान्यात गेली तीन तिमाही उभा आहे.

शेवटी एका दुपारी फुलीवालाच एक अडत्या त्याला पेढीवर बसवून घेतो. समोर लाल वह्या, बाजूला झोपलेला दिवाणजी.

“बाळ, ते बोलीबिलीचं राहू दे. हमाली, तोलाई, उचल वजा करून पट्टी निघती का तुझ्या यंत्रातनं? हे दिवाणजी वजाबाकीत चुकतात आणि शेतकरी माझी गचांडी धरतो.”

पट्टी निघणं म्हणजे दोन दिवसांचं काम. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, क्रांती नाही, लाल फुली तर नाहीच नाही. संस्थापकाला आधी अपमान वाटतो. मग तो महिन्याला दीड हजार सांगतो. अडत्या पाचशे म्हणतो. सातशेला सौदा ठरतो, तोही पहिला महिना फुकट आणि पैसे दिवाळीला. शेजारच्या गाळ्यावरचाही म्हणतो, मलाही पाहिजे, पण मराठीत पाहिजे आणि अक्षर मोठं पाहिजे.

आता हळदीच्या हंगामात चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर सकाळी सातला यार्डात हजर असतो. सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतं, पण प्रिंटरमध्ये हळद जाते. तो उघडून, फुंकून, पुसून परत जोडावा लागतो. त्याचे दर खेपेला शंभर रुपये रोख मिळतात आणि गेल्या महिन्यात हे शंभर-शंभर सॉफ्टवेअरच्या कमाईपेक्षा जास्त भरले. संस्थापकानं तक्त्यात त्यासाठी नवा रकाना केला आहे. मामेभावाचं म्हणणं आहे, की त्याचा पगार आधी त्या रकान्यातून द्यावा.